क्यूबसीटीएल नीट बसवताना: आपण नेमके कुठल्या क्लस्टरवर आहोत?

क्यूबसीटीएल ही कुबरनेटीसशी बोलायची कमांड, आणि कुबरनेटीस म्हणजे अनेक मशीनच्या गटावर, म्हणजे क्लस्टरवर, ॲप्स चालवणारी व्यवस्था. महिनाअखेरीची रात्र होती. लॅपटॉपवर टर्मिनलचे दोन टॅब उघडे. डावीकडचा सकाळपासून स्टेजिंगचा, म्हणजे चाचणीच्या क्लस्टरचा, उजवीकडचा नुकताच उघडलेला, प्रॉडक्शनचे, म्हणजे खऱ्या वापराच्या क्लस्टरचे, लॉग बघायला. लॉग बघून झाले, डाव्या टॅबवर परत आलो आणि स्टेजिंगवरचा जुना पसारा साफ करायचा म्हणून ही ओळ मारली:

क्यूबसीटीएल डिलीट डिप्लॉयमेंट --ऑल -एन रिपोर्ट्स

एकेक नाव आणि त्याच्यापुढे ‘डिलीटेड’ असं उमटत गेलं. नऊ ओळी आल्या. स्टेजिंगवर पाचच डिप्लॉयमेंट (कुठलं ॲप कसं चालू ठेवायचं त्याच्या नोंदी) होत्या, हे सहावी ओळ दिसली तेव्हा आठवलं.

डाव्या टॅबमध्ये मी काहीच बदललं नव्हतं. बदललं होतं ते उजवीकडे, लॉग बघण्याआधी. पण ‘सध्या कुठलं क्लस्टर’ ही नोंद टॅबमध्ये राहत नाही, ती डिस्कवरच्या एका फाइलीत राहते आणि दोन्ही टॅब तीच फाइल वाचत होते. डिप्लॉयमेंट गेल्या तरी डेटाचे व्हॉल्यूम या कमांडने जात नाहीत आणि सगळ्या व्याख्या गिटमध्ये होत्या, म्हणून तासाभरात गाडी रुळावर आली. त्या तासात किती फोन आले ते मी मोजले नाहीत.

क्यूबसीटीएल ‘चालू’ करणं पाच मिनिटांचं काम आहे. आपण कुठे उभे आहोत हे त्याने आपल्याला सतत सांगत राहावं, अशा रीतीने ते बसवणं हे खरं काम. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

एक सूचना आधीच देतो. इथल्या कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलला अजून देवनागरी कळत नाही, तेव्हा टाइप करताना रोमन अक्षरं वापरा. उच्चाराचं म्हणाल तर कुणी क्यूबसीटीएल म्हणतं, कुणी क्यूब-कंट्रोल, कुणी क्यूब-कटल. आमच्या टीममध्ये तिन्ही चालतात आणि यावर चहाच्या वेळी भांडणंही होतात.

पायरी १: बसवणं आणि आवृत्ती जुळवणं

मॅकवर होमब्रूने ‘ब्रू इन्स्टॉल क्यूबसीटीएल’, विंडोजवर विनगेट, उबुंटूवर ‘स्नॅप इन्स्टॉल क्यूबसीटीएल --क्लासिक’. यातलं काहीही चालेल. उबुंटू किंवा डेबियनवर एपीटीने बसवणार असाल तर जुने ब्लॉग जपून वाचा. गूगलच्या सर्व्हरवरची पूर्वीची पॅकेज रिपॉझिटरी सप्टेंबर २०२३ मध्ये गोठवली गेली आणि पुढे बंद झाली. आता पॅकेजेस ‘पीकेजीएस डॉट के८एस डॉट आयओ’ इथे मिळतात. तिथे प्रत्येक उप-आवृत्तीची रिपॉझिटरी वेगळी आहे. म्हणजे १.३१ ची रिपॉझिटरी लावलेली असेल तर नुसतं ‘एपीटी अपग्रेड’ करून १.३२ कधीच येणार नाही, सोर्स फाइलीतला आकडा हाताने बदलावा लागतो. ‘आमच्याकडे अपडेटच येत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं.

नियम असा की क्यूबसीटीएल आणि क्लस्टरचा एपीआय सर्व्हर (आपल्या कमांड ऐकणारा सर्व्हर) यांच्यात एका उप-आवृत्तीपेक्षा जास्त अंतर नको. सर्व्हर १.३२ असेल तर आपल्याकडे १.३१, १.३२ किंवा १.३३ हवं. त्याहून लांबचं क्यूबसीटीएलही बरंच काम करून देतं, आणि हाच त्यातला धोका. जे बिघडतं ते गुपचूप बिघडतं.

क्यूबसीटीएल व्हर्जन --क्लायंट

यावर अपेक्षेपेक्षा वेगळाच आकडा आला, तर डॉकर डेस्कटॉपकडे (लॅपटॉपवर कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) संशयाने बघा. तो स्वतःबरोबर स्वतःचं क्यूबसीटीएल घेऊन येतो आणि कधीकधी पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, पुढे जाऊन बसतो. ‘व्हिच -ए क्यूबसीटीएल’ केलं की मशीनवरच्या सगळ्या प्रती रांगेत दिसतात. पहिली असते ती चालते.

पायरी २: आधी सरावाचं मैदान

खऱ्या क्लस्टरच्या फाइलीशी खेळत शिकू नका. लॅपटॉपवर डॉकर असेल तर ‘काइंड’ हे छोटं साधन घ्या. ते डॉकरच्या कंटेनरमध्येच कुबरनेटीसचे नोड (क्लस्टरमधली मशीन) चालवतं. दोन क्लस्टर करा, कारण एकच असेल तर चुकीच्या ठिकाणी जाण्याचा सराव कसा होणार?

काइंड क्रिएट क्लस्टर --नेम सराव
काइंड क्रिएट क्लस्टर --नेम धोका

दुसऱ्याचं नाव मी मुद्दाम ठेवलंय, ते आपलं खोटं प्रॉडक्शन. मग:

क्यूबसीटीएल कॉन्फिग गेट-कॉन्टेक्स्ट्स

यादीत ‘काइंड-सराव’ आणि ‘काइंड-धोका’ अशी दोन नावं येतील आणि ‘काइंड-धोका’च्या डावीकडे चांदणी, म्हणजे सध्याच्या निवडीची खूण, असेल. आपण तर काहीच निवडलं नव्हतं! पण क्लस्टर तयार करताच काइंडने चालू कॉन्टेक्स्ट, म्हणजे ‘सध्या कुठलं क्लस्टर’ ही नोंद, परस्पर बदलून टाकला. मिनीक्यूब हे तसलंच दुसरं साधन हेच करतं. ॲमेझॉन, गूगल आणि मायक्रोसॉफ्टची क्लाउड साधनंही क्लस्टरची ओळखपत्रं आणून देताना हेच करतात. ‘मी कॉन्टेक्स्ट बदललाच नाही’ असं शपथेवर सांगणारा माणूस खोटं बोलत असतो असं नाही.

आता दोन टॅब उघडा. एकात ‘क्यूबसीटीएल कॉन्फिग यूझ-कॉन्टेक्स्ट काइंड-सराव’ करा आणि दुसऱ्यात ‘क्यूबसीटीएल कॉन्फिग करंट-कॉन्टेक्स्ट’ विचारा. दुसऱ्यातही ‘काइंड-सराव’च येईल. माझी महिनाअखेरीची रात्र एवढ्या दोन ओळींत मावते.

पायरी ३: फाइल उघडून बघा

ही फाइल आपल्या होम फोल्डरमधल्या ‘.क्यूब’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात असते, नाव नुसतं ‘कॉन्फिग’. लोक तिला क्यूबकॉन्फिग म्हणतात. यामलमध्ये लिहिलेली असते आणि सर्टिफिकेटांच्या लांबलचक अक्षरमाळांमुळे बघताक्षणी भीतीदायक वाटते. त्या माळा झाकून बघायची सोय आहे:

क्यूबसीटीएल कॉन्फिग व्ह्यू

मग उरतो तो सांगाडा अगदी साधा. तीन याद्या आणि एक ओळ.

पहिली यादी क्लस्टर्सची: एपीआय सर्व्हरचा पत्ता, साधारणपणे ६४४३ पोर्टवर, आणि तो सर्व्हर खरा आहे हे पडताळायला लागणारं सीए (सर्टिफिकेटांवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं) सर्टिफिकेट. काइंडमध्ये मात्र पत्ता १२७.०.०.१ आणि पोर्ट कुठलातरी वेगळाच दिसेल. दुसरी यादी यूझर्सची: आपण कोण हे सिद्ध करायचं साधन. ते क्लायंट सर्टिफिकेट असू शकतं, टोकन असू शकतं किंवा ‘दर वेळी हा प्रोग्राम चालव आणि त्याच्याकडून टोकन घे’ अशी सूचनाही असू शकते. तिसरी यादी कॉन्टेक्स्ट्सची आणि तिच्यात नवीन काहीच नसतं. अमुक क्लस्टर, तमुक यूझर आणि हवं तर एक नेमस्पेस (क्लस्टरच्या आतला एक कप्पा), एवढ्यांची मोट बांधून दिलेलं नाव म्हणजे कॉन्टेक्स्ट. शेवटची एकटी ओळ ‘करंट-कॉन्टेक्स्ट’. सगळी गंमत आणि सगळा धोका त्या एका ओळीत.

कॉन्टेक्स्टमध्ये नेमस्पेसही बसवता येते हे अनेकांना उशिरा कळतं. तोवर ते प्रत्येक कमांडला ‘-एन’ चिकटवत राहतात. एकदाच असं करा:

क्यूबसीटीएल कॉन्फिग सेट-कॉन्टेक्स्ट --करंट --नेमस्पेस=रिपोर्ट्स

माझं मत विचाराल तर ही सोय स्टेजिंगपुरती ठेवा. प्रॉडक्शनवर नेमस्पेस दर वेळी हाताने लिहावी. बोटांना पडणारे ते कष्ट म्हणजे आपला स्पीडब्रेकर आहे.

पायरी ४: खऱ्या क्लस्टरची फाइल आणणं

क्लस्टर क्यूबएडमने उभारलेलं असेल तर कंट्रोल प्लेनच्या, म्हणजे क्लस्टरचा कारभार बघणाऱ्या, मशीनवर ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘कुबरनेटीस’ फोल्डरात ‘ॲडमिन.कॉन्फ’ सापडेल. तीच आपली क्यूबकॉन्फिग. आवृत्ती १.२९ पासून तिच्या शेजारी ‘सुपर-ॲडमिन.कॉन्फ’ही असते. तिला हात लावू नका. ती आणीबाणीची किल्ली आहे. क्लस्टरमधले परवानगीचे सगळे नियम ती ओलांडते. त्यातून कुबरनेटीसमध्ये क्लायंट सर्टिफिकेट रद्द करायची सोयच नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर ती किल्ली मुदत संपेपर्यंत चोराकडे चालत राहील. क्यूबएडमची अशी सर्टिफिकेटं एक वर्षाची असतात.

के३एस (कुबरनेटीसची हलकी आवृत्ती) वापरत असाल तर फाइल ‘ईटीसी’मधल्या ‘रँचर’, त्यातल्या ‘के३एस’ फोल्डरात ‘के३एस.यामल’ नावाने असते. ती तशीच्या तशी लॅपटॉपवर आणली की हमखास फसते, कारण आत पत्ता १२७.०.०.१ लिहिलेला असतो, म्हणजे ‘हे मशीन’. ‘हे मशीन’ म्हणजे आता तुमचा लॅपटॉप झाला. तिथे सर्व्हरचा खरा आयपी लिहा.

क्लाउडवर हे हाताने करायची गरज नाही. ॲमेझॉनच्या मुंबईतल्या क्लस्टरसाठी:

एडब्ल्यूएस ईकेएस अपडेट-क्यूबकॉन्फिग --रीजन एपी-साउथ-१ --नेम दुकान --एलियस दुकान-प्रॉड

शेवटचा ‘--एलियस’ विसरू नका. तो नसेल तर कॉन्टेक्स्टचं नाव म्हणून खातेक्रमांकासकट भलामोठा एआरएन (ॲमेझॉनचा ओळखक्रमांक) बसतो आणि दोन क्लस्टरांच्या एआरएनमधला फरक रात्री अकरा वाजता डोळ्यांना दिसत नाही. गूगलसाठी ‘जीक्लाउड कंटेनर क्लस्टर्स गेट-क्रेडेन्शियल्स’, मायक्रोसॉफ्टसाठी ‘एझेड एकेएस गेट-क्रेडेन्शियल्स’. गूगलच्या बाबतीत क्यूबसीटीएल १.२६ पासून लॉगिनचं वेगळं प्लगइनही बसवावं लागतं.

या क्लाउडवाल्या फाइलींत बहुधा टोकन साठवलेलंच नसतं, टोकन आणणाऱ्या प्रोग्रामचं नाव असतं. सोय उत्तम, पण नीट विचार करा: क्यूबकॉन्फिग ही फाइल तुमच्या मशीनवर कुठलाही प्रोग्राम चालवू शकते. अनोळखी माणसाने चॅटवर पाठवलेली क्यूबकॉन्फिग आधी एडिटरमध्ये उघडून वाचा, मगच वापरा. आणि स्वतःच्या फाइलीला कुलूप लावा:

सीएचमॉड ६०० ~/.क्यूब/कॉन्फिग

पायरी ५: फाइली एकत्र करायच्या का?

‘क्यूबकॉन्फिग’ नावाचा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल असतो, रोमनमध्ये सगळी मोठी अक्षरं. त्यात एकाहून जास्त फाइली देता येतात. लिनक्स आणि मॅकवर त्यांच्यामध्ये विसर्गासारखा कोलन, विंडोजवर अर्धविराम. क्यूबसीटीएल त्या सगळ्या मिळून एकच फाइल असल्यासारख्या वाचतं. एकच नाव दोन फाइलींत आलं तर आधी आलेली नोंद धरली जाते. उलट ‘--क्यूबकॉन्फिग’ हा फ्लॅग दिला तर फक्त ती एक फाइल वाचली जाते, बाकी सगळ्या बाजूला.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला नावांचा. क्यूबएडमच्या प्रत्येक क्लस्टरचं नाव मुळात ‘कुबरनेटीस’ आणि यूझरचं ‘कुबरनेटीस-ॲडमिन’ असतं. के३एसमध्ये तर सगळ्यांचंच नाव ‘डीफॉल्ट’. अशा दोन फाइली जोडल्या की दुसरी चुपचाप गायब होते. एररही येत नाही. ‘रीनेम-कॉन्टेक्स्ट’ने काम भागेल असं वाटतं, पण ती कमांड फक्त कॉन्टेक्स्टचं नाव बदलते. आतल्या क्लस्टर आणि यूझरची नावं तशीच राहतात आणि भिडतात. ती फाइलीत हातानेच बदला: क्लस्टरचं नाव दोन ठिकाणी, त्याच्या यादीत आणि कॉन्टेक्स्टच्या आत, यूझरचंही तसंच.

दुसरा खड्डा शेलचा. सगळ्या फाइली वितळवून एक करायला ‘क्यूबसीटीएल कॉन्फिग व्ह्यू --फ्लॅटन’ वापरतात. त्याचं आउटपुट थेट ‘~/.क्यूब/कॉन्फिग’मध्ये वळवलं, तर क्यूबसीटीएल सुरू व्हायच्या आधीच शेल ती फाइल रिकामी करतं. मग वाचायला उरतं काय? आधी ‘नवी.यामल’मध्ये घ्या, उघडून बघा, जुनीची प्रत ठेवा आणि मग ‘एमव्ही’ करा. आमच्याकडे हा धडा प्रत्येक नवीन माणूस एकदा घेतोच.

पायरी ६: प्रत्येक टर्मिनलला आपली फाइल

मी स्वतः आता फाइली एकत्र करतच नाही. ‘.क्यूब’ फोल्डरात प्रत्येक क्लस्टरची वेगळी फाइल ठेवतो. ‘कॉन्फिग’ या मूळ नावाच्या फाइलीत फक्त सरावाचं क्लस्टर. प्रॉडक्शनवर जायचं तर नवीन टर्मिनल उघडून त्यात:

एक्स्पोर्ट क्यूबकॉन्फिग=~/.क्यूब/दुकान-प्रॉड.यामल

एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल त्या टर्मिनलपुरता असतो. शेजारचा टॅब आपल्या जागी राहतो आणि हा टॅब बंद केला की प्रॉडक्शनही बंद. त्या रात्री एवढं केलेलं असतं तर नऊ डिप्लॉयमेंट वाचल्या असत्या.

प्रोजेक्टचे फोल्डर वेगळे असतील तर ‘डिरएन्व्ह’ वापरा. फोल्डरातल्या ‘.एन्व्हआरसी’ फाइलीत हीच एक्स्पोर्टची ओळ लिहायची, एकदा ‘डिरएन्व्ह अलाउ’ म्हणायचं. मग फोल्डरात शिरलं की व्हेरिएबल लागतो, बाहेर पडलं की उतरतो. पण प्रॉडक्शन असं आपोआप लागू देऊ नका. तिथे जाताना काहीतरी टाइप करावंच लागलं पाहिजे.

आणखी भक्कम बंदोबस्त म्हणजे प्रॉडक्शनसाठी दोन यूझर. रोजचा फक्त बघणारा, आणि बदल करणारा वेगळ्या फाइलीत. कुबरनेटीसमध्ये ‘व्ह्यू’ नावाचा तयार क्लस्टररोल (परवानग्यांचा संच) आहे, तो रोजच्या यूझरला जोडायला सांगा. त्या यूझरला काही पुसता येत नाही ना, ते असं तपासा:

क्यूबसीटीएल ऑथ कॅन-आय डिलीट डिप्लॉयमेंट्स -एन रिपोर्ट्स

उत्तर ‘नो’ आलं की शांत झोप लागते.

पायरी ७: प्रॉम्प्टवर पाटी

‘क्यूब-पीएस१’ ही छोटी स्क्रिप्ट प्रॉम्प्टमध्ये चालू कॉन्टेक्स्ट आणि नेमस्पेस दाखवते. नावात ‘प्रॉड’ असेल तर रंग लाल होईल असं बसवा. तेवढीच मेहनत टॅब-पूर्णतेवर घ्या. बॅशच्या ‘.बॅशआरसी’ फाइलीत ‘सोर्स <(क्यूबसीटीएल कम्प्लीशन बॅश)’ ही ओळ टाकली की पॉडची (क्लस्टरवर चालणाऱ्या कंटेनरच्या गटांची) लांबलचक नावं टॅब दाबून पुरी होतात. लोक ‘के’ असा एलियस, म्हणजे छोटं टोपणनाव, करतात आणि मग त्यावर टॅब चालत नाही म्हणून वैतागतात. त्यासाठी ही ओळही हवी, यातलं ‘एफ’ रोमनमध्ये मोठं:

कम्प्लीट -ओ डीफॉल्ट -एफ __स्टार्ट_क्यूबसीटीएल के

कॉन्टेक्स्ट झटपट बदलून देणारी ‘क्यूबसीटीएक्स’सारखी साधनं छान आहेत, पण तीही फाइलीतली तीच ओळ बदलतात. बदल जितका सोपा, तितकी पाटी ठळक हवी.

पायरी ८: अडलं तर

‘लोकलहोस्ट ८०८० नाकारलं’ असा एरर आला तर बहुतेक वेळा सर्व्हरचा दोष नसतो. क्यूबसीटीएलला क्यूबकॉन्फिग सापडली नाही किंवा चालू कॉन्टेक्स्ट रिकामा आहे, म्हणून ते आपल्या मनाने या पत्त्यावर गेलं. ‘सुडो’ लावून चालवलंत तरी हेच होतं, कारण रूटचं होम फोल्डर वेगळं.

‘एक्स५०९’ने सुरू होणारा एरर सर्टिफिकेटचा. पुढे ‘अननोन ऑथॉरिटी’ असेल तर सीए चुकलाय. क्लस्टर पाडून त्याच नावाने पुन्हा उभारलं आणि फाइल जुनीच राहिली, हे नेहमीचं कारण. अमुक पत्त्यांसाठी वैध, तमुकसाठी नाही, असं म्हणत असेल तर तुम्ही वापरलेला पत्ता सर्व्हरच्या सर्टिफिकेटात नाही. तो तिथे घालून घ्या. तपासणीच बंद करणारा फ्लॅग नेटवर लगेच सापडतो, पण तो लावला तर मधे बसून ऐकणाऱ्याला आपण खुर्ची दिली.

‘अनऑथराइज्ड’ आणि ‘फॉरबिडन’ यांची गल्लत करू नका. पहिल्याचा अर्थ, तू कोण ते कळलं नाही: टोकन किंवा सर्टिफिकेट संपलं. दुसऱ्याचा अर्थ, तू कोण ते कळलं, पण तुला हे करायची परवानगी नाही. पहिल्यासाठी लॉगिन दुरुस्त करा, दुसऱ्यासाठी क्लस्टर सांभाळणाऱ्याला गाठा. सर्व्हर तुम्हाला कोण समजतोय हे ‘क्यूबसीटीएल ऑथ हूॲमआय’ सांगतं.

आणि काहीच समजेना तर कुठल्याही कमांडच्या शेवटी ‘-व्ही=६’ लावा. कुठली फाइल वाचली आणि कुठल्या पत्त्यावर विनंती गेली, दोन्ही छापून येतं. माझ्या निम्म्या शंका पहिल्या दोन ओळींतच मिटतात.

सराव झाला की मैदान आवरा:

काइंड डिलीट क्लस्टर --नेम सराव
काइंड डिलीट क्लस्टर --नेम धोका

काइंड फाइलीतल्या स्वतःच्या नोंदीही काढून घेतं आणि चालू कॉन्टेक्स्ट त्याचाच असेल तर ती ओळ रिकामी करतं. त्यानंतर ‘क्यूबसीटीएल गेट नोड्स’ केलंत की ८०८० चा तो ओळखीचा एरर येईल. घाबरू नका, मशीन बिघडलेलं नाही. मी तर रोज संध्याकाळी लॅपटॉप मुद्दाम याच अवस्थेत ठेवून उठतो. त्यासाठी ‘क्यूबसीटीएल कॉन्फिग अनसेट करंट-कॉन्टेक्स्ट’ अशी कमांडही आहे. सकाळी कामाला बसलं की पहिली कमांड फसते, आणि कुठे जायचं ते ठरवूनच पुढे जावं लागतं.